श्रीमंत भास्कररावांचा पासवर्ड

रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या भास्कर वैरागड्यांनी एक दिवस जाहीर केलं, की यापुढे आपल्या घरातली कुठलीही गोष्ट परक्या कंपनीच्या ताब्यात राहणार नाही. मूळचे वर्ध्याचे, नोकरी नव्या रायपुरात एका संचालनालयात, हुद्दा वरिष्ठ लिपिक. ऑफिसात स्टेपलरसुद्धा दुसऱ्याच्या सहीशिवाय मिळत नसे. स्वातंत्र्याची हौस घरीच भागवावी लागे.

त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यात लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, आणि तो देवघरात मांडला, कारण इन्व्हर्टरचं कनेक्शन तिथेच होतं. नाव ठेवलं ‘स्वराज्य’. फोटो, कागदपत्रं, किराण्याची यादी, सगळं त्यात गेलं. ‘‘सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून नाही घेतलं,’’ ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ‘‘मोकळं आहे म्हणून घेतलं. आपला माल, आपलं घर, आपली किल्ली.’’

किल्ली म्हणजे पासवर्ड. तो फक्त त्यांनाच माहीत होता.

त्यांची बायको शर्मिष्ठा ब्लाउज शिवायची. पुरानी बस्तीपासून बाया यायच्या, इतका तिचा हात चांगला. दोनशे बायांची मापं एका लांब वहीत होती. भास्कररावांनी ती सगळी मापं स्वतः बसून स्वराज्यात चढवली, आणि वही रद्दीवाल्याला देऊन टाकली.

‘‘वही काहून दिली?’’ शर्मिष्ठाने विचारलं.

‘‘वही कोणीही उघडून पाहू शकते. हे कोणी पाहू शकत नाही.’’

‘‘अन् मले पाहायचं असन तर?’’

‘‘तुले फोनवर दिसतेच ना. पण मशीन बंद पडून सुरू झालं, तर पासवर्ड मीच टाकीन. सुरक्षेचा नियम आहे. बायकोलेही सांगत नाहीत.’’

लग्नाच्या दिवसांत, एका मंगळवारी सकाळी साडेनऊला लाइट गेली. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं भास्करराव तीन महिने विसरले होते, त्यामुळे स्वराज्यही पडलं. लाइट आली तेव्हा काळ्या पडद्यावर एकच ओळ उभी होती: पासवर्ड द्या. दारात गिऱ्हाईक भीमाबाई उभ्या होत्या, पुतणीच्या लग्नाची सहा ब्लाउजपीसं घेऊन. कापड मापाला पुरतं की आणखी आणायचं, हे दुपारच्या गाडीने गोंदियाला निघण्याआधी त्यांना कळायला हवं होतं.

‘‘पुतणी तं गोंदियाले आहे. तिचं माप तुह्याकडे आहे ना व?’’ भीमाबाई म्हणाल्या.

शर्मिष्ठाने नवऱ्याला फोन लावला. ते ऑफिसच्या बसमध्ये होते.

‘‘संध्याकाळी येतो तं टाकतो.’’

‘‘संध्याकाळी? बाई दारात उभी आहे. आत्ता सांगा, नाही तं मी हा डबा उचलून बूढा तलावात टाकून येतो.’’

भास्कररावांनी आजूबाजूला पाहिलं. बसमध्ये चाळीस लोक होते. ते तोंडावर हात धरून पुटपुटले. तिला ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने बोलले. तरी नाही. शेवटी त्यांनी रस्त्याच्या आवाजावर आवाज चढवला:

‘‘श्रीमंत! एस, एच, आर... हो, श्रीमंत! मग भास्करराव! मधे जागा नाही! भास्करराव, अन् शेवटी एक! आकड्यातला एक!’’

मागच्या सीटवरचे धर्मपाल भैया म्हणाले, ‘‘लिख लिया भाभी ने? नहीं तो हम बता देते हैं।’’

मशीन सुरू झालं, पुतणीचं माप निघालं, भीमाबाई गेल्या. शर्मिष्ठा मात्र त्या पडद्यापुढे बसून राहिली. तिला हसू आलं नाही. अठरा वर्षं संसार केलेल्या बायकोला जो शब्द सांगायचा नाही, तो अख्ख्या बसला सांगून झाला होता. आणि तो शब्द तरी काय? श्रीमंत!

दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये त्यांचं स्वागत होऊ लागलं, ‘‘आइए श्रीमंत, एक नंबर सीट खाली है।’’ भास्कररावांनी आठवडाभर स्कूटरने जाणं पसंत केलं. पासवर्ड बदलायला त्यांना सवड झाली नाही. तो शर्मिष्ठाने बदलला.

त्यासाठी ती महिनाभर शिकली. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा इंटरनेटवर एक चर्चेचा अड्डा होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने तिथे प्रश्न टाकले. कुठल्या कुठल्या देशांतून उत्तरं आली. तिथले लोक तिला ‘सर’ म्हणत. तिने दुरुस्त केलं नाही. घरात तर तिला कोणी इतकंही म्हणत नव्हतं. नवऱ्याने ज्या बॅकअपवर, म्हणजे सगळ्याची जादा प्रत ठेवण्यावर, व्याख्यानं दिली होती, तो कधी घेतलाच नव्हता, हेही तिला शिकता शिकता कळलं. तिने तो घेतला, आणि डिस्क पुरानी बस्तीत बहिणीकडे नेऊन ठेवली.

भास्कररावांना हे समजलं, तेव्हा ते खूप चिडले. ‘‘माह्या मशीनचा पासवर्ड मलेच माहीत नाही?’’

‘‘काय पाहिजे तुम्हाले? सांगा, मी उघडून देतो.’’

‘‘हा काय न्याय झाला?’’

‘‘सुरक्षेचा नियम आहे,’’ ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला लागली.

त्या हिवाळ्यात मराठी मंडळींच्या कार्यक्रमात भास्कररावांचं भाषण झालं: ‘घरचा सर्व्हर, घरचं राज्य’. टाळ्या पडल्या. पुढे बसलेल्या मंजिरी नावाच्या मुलीने विचारलं, ‘‘काका, पर घरवालों को ये सब आता है क्या?’’

‘‘येते ना,’’ भास्करराव म्हणाले. ‘‘मी शिकवलं.’’

शर्मिष्ठा दुसऱ्या रांगेत होती. साडेसातला एका नवरीचे ब्लाउज द्यायचे होते. ती पिशवी उचलून बाहेर पडली.