साहेबाची म्हणत ती खुर्ची

जुनी खुर्ची ओळखायची असेल तर तिच्यावर बसू नये, तिला उलटी करावी. वरून पॉलिश सगळेच मारतात, खालून कोणी मारत नाही. मढच्या बंगल्यांमध्ये शूटिंगं चालतात, त्यांना मी जुनं फर्निचर भाड्याने देते. धंदा सुरू केला तेव्हा माझ्याकडे एक टेबल, दोन स्टुलं आणि आईबरोबर मासळी बाजारात कमावलेली जीभ होती. आज गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा नाही. सेट लावणारे लोक मला विचारल्याशिवाय 'जुनी' म्हणून काही विकत घेत नाहीत. हे मला कोणी शिकवलं नाही. निम्मं फसून शिकले, उरलेलं फसवणाऱ्यांशी भांडून.

एवढ्या वर्षांत एकच खुर्ची मी कधी उलटी केली नव्हती. माझ्या माहेरची.

तिला सगळे साहेबाची खुर्ची म्हणत. लांब हातांची, मागे रेललेली, वेताच्या बैठकीची आरामखुर्ची. पणजोबांनी कुठल्याशा गोऱ्या साहेबाला वादळातून किनाऱ्याला आणलं आणि त्याने खूश होऊन ती दिली, अशी गोष्ट होती. नारळी पुनवेला ती अंगणात यायची. घरातला कर्ता पुरुष तिच्यावर बसून नारळ मांडीवर घ्यायचा, मग सगळे वाजतगाजत समुद्राकडे निघायचे. बायकांनी तिच्यावर बसायचं नाही.

आई खाडीपलीकडच्या गावची. तिच्या माहेरी होड्या बांधायचे. आमच्याकडे सगळे होड्यांचे मालक, त्यामुळे 'लाकडं ठोकणाऱ्यांची पोर' हे तिला जन्मभर ऐकावं लागलं. मी शाळेत होते तेव्हा ती एकदा बाजारातून तापाने फणफणून आली. पाटी उतरवली आणि जवळ होती म्हणून त्याच खुर्चीवर बसली. मोठे काका जेवत होते. घास न थांबवता म्हणाले, "ऊठ. साहेबाची खुर्ची हाय ती, तुझ्या बापाच्या ओंडक्यांची नाय."

आई उठली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. मी काकांना उलट बोलले आणि मार खाल्ला. तो राग मी नीट जपून ठेवलाय. माझ्या गोडाऊनमधली सगळ्यात जुनी वस्तू तीच.

आता काकाही नाहीत, वडीलही नाहीत. कर्ता पुरुष म्हणजे दादा. दोन पावसाळ्यांपूर्वी तो ती खुर्ची टेम्पोत घालून माझ्या दारात आला.

"उद्या मढचा एक बंगलेवाला येतोय बघायला, घ्यायचीय त्याला. तू फक्त एवढंच बोल, साहेबाची आहे. तुझ्या शब्दावर तो डोळे मिटून घेईल."

"माझा शब्द म्हणजे दारातली चप्पल आहे का रे, कोणीही पायात घालावी?"

"आली लगेच अंगावर! तुझा पण वाटा देतो ना."

"विकतोयस कशाला?"

"घराची दुरुस्ती काढलीय. आणि त्या खुर्चीवर बसतं कोण? वर्षातून एकदा."

"जिला बसायचं होतं तिला बसू दिलं नाहीत."

दादाला कळलं मी काय म्हणतेय ते. तो चहा प्यायला जातो म्हणून जो गेला तो त्या दिवशी परत आलाच नाही.

मी खुर्ची उलटी केली. वेत नवा होता, पण वेताचं काही नसतं, तो बदलत राहतात. मधले दोन-तीन लोखंडी खिळे कारखान्याचे होते, तेही मागाहून कोणीतरी मारलेले. बैठकीच्या खालच्या पट्टीवर करवतीच्या खुणा दिसल्या. यंत्राच्या करवतीच्या खुणा गोलाईत जातात, या सरळ होत्या. म्हणजे हाताने कापलेलं लाकूड. इथवर मला बरंच वाटलं, कारण खुर्ची खरंच जुनी होती.

मग नको तिथे भोकं दिसायला लागली. मागच्या पायांवर लाकडाच्या गुडद्या मारून बुजवलेल्या भोकांची ओळच होती. तिथे एकही सांधा नाही, मग भोकं कशाला? त्या लाकडाने आधी दुसरीकडे कुठेतरी काम केलं होतं. हात बघितले तर त्यांचा बाक ना तासून काढलेला, ना वाफेवर वाकवलेला. लाकडाच्या रेषाच आतून वळत गेल्या होत्या. असं झाडावरच वाकडं वाढलेलं लाकूड हुडकून आणतात ते होडीच्या फासळ्यांसाठी. बैठकीखालच्या सांध्यात काळं काहीतरी ठासलेलं होतं. केसातला आकडा काढून मी ते टोकरलं. कापूस निघाला. तेलात भिजवलेला, दगडासारखा झालेला. होडीत पाणी शिरू नये म्हणून फळ्यांच्या फटीत ठोकतात तो. खुर्चीत कोण कापूस ठोकतं? खुर्ची काय पाण्यात सोडायची असते?

मी खाली फरशीवर बसून एकटीच हसले. आमच्या घरात होडीला माशाचं तेल चोपडून झालं की उरलेलं त्या खुर्चीला लावायचे, साहेबाची वस्तू टिकावी म्हणून. तिला होडीचा वास येतो हे आम्हाला जन्मापासून ठाऊक होतं आणि आम्हाला वाटायचं तो आमच्या सेवेचा वास. एकाही कोळ्याच्या नाकाला शंका आली नाही. माझ्यासुद्धा.

रूप साहेबाच्या खुर्चीचं, पण लाकूड मोडलेल्या होडीचं. होडीचं आयुष्य संपल्यावर, आजोबांच्या तरुणपणी कधीतरी बनवली असावी, हा माझा अंदाज. पण कोणाच्या हातची? होड्या बांधणारे सगळ्या किनाऱ्यावर होते. नुसत्या रागावर मी कधी वस्तूचं गाव सांगत नाही. म्हणून रिक्षा करून आईला घेऊन आले.

आईला आता नीट दिसत नाही. मी तिचा हात धरून सांध्यावर ठेवला. लाकडी खुंटीच्या डोक्यावरून तिने अंगठा फिरवला आणि थांबली.

"कोणाची ही?"

"तूच सांग."

"आमच्याकडं खुंटीच्या डोक्यात दोन पाचरी मारायचे, फुलीसारख्या. बाकीचे एकच मारतात." तिने दुसरी खुंटी चाचपली, मग तिसरी. "आमच्याच पडवीतली. पन ह्यी बघ, तिरकी गेलीय. माझ्या बापाचा हात नाय ह्यो. धाकट्या चुलत्याचा. मेला कायम घाईत."

"आई, ही आपली साहेबाची खुर्ची आहे."

तिचा अंगठा परत त्या तिरक्या खुंटीवर गेला.

"तुला कधी कळलं नाही?"

"कसं कळणार गो बाय? बसू दिली नाय, ती उलटी करू देतील?"

दुसऱ्या दिवशी बंगलेवाला आला. दादाने गोष्ट सुरू केली, पणजोबा, वादळ, साहेब. मी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग खुर्ची उलटी केली आणि भोकं दाखवली, कापूस दाखवला, फुल्या दाखवल्या. "विलायतेची नाही. या समोरच्या खाडीपलीकडची आहे. माझ्या आईच्या माहेरी बनलेली."

बंगलेवाल्याला विलायतीच हवी होती. मी त्याला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. माझ्याकडे एक खरी विलायती खुर्ची पडून होती, ती दाखवली आणि तासभर घासाघीस करून गळ्यात मारली. बंगलेवाला गाडीत बसला तसा दादा फुटला.

"माझा सौदा तोडून स्वतःचा केलास! सख्ख्या भावाची वाट लावलीस!"

"माझा माल खरा होता. आता ऐक. आलेले पैसे घराच्या दुरुस्तीला घे. खुर्ची घरातून हलणार नाही. आणि नारळी पुनवेला तिच्यावर आई बसणार."

"बाईमाणूस? लोक काय बोलतील?"

"बोलू दे ना. मी येते उत्तर द्यायला."

तुझं उत्तर म्हणजे भांडण, असं काहीतरी तो पुटपुटला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "निदान नारळ तरी माझ्या हातात."

"नारळ घे."

आयुष्यात इतके सौदे केले, पण याच्याइतका चोख एकही नाही.

पुनवेला आई हिरवं लुगडं नेसून अंगणात त्या खुर्चीवर बसली. बैठक खोल आहे, कंबर धरेल, अशी कुरकुर तिने आधी करून घेतली. दादा नारळ घेऊन शेजारी उभा. ज्याने त्याने विचारावं आणि दादाने सांगावं, "आमच्या आजोळची खुर्ची. होडीच्या लाकडाची. आईच्या चुलत्याने बनवलेली." चौथ्या माणसाला सांगेपर्यंत त्यात एक वादळ आलं होतं.

"आणि ओळखली कोणी?" मी मोठ्याने विचारलं.

"थांब ना, येतोय तिकडेच," दादा म्हणाला. अजून आलेला नाही. तेही मी लक्षात ठेवलंय.

बाजा सुरू झाला, सगळे समुद्राकडे निघाले. वहिनी आईला उठवायला पुढे झाली. आईने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट ठेवले.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मी बसलीय."