बॉनेटची फट

कानिफनाथ, सत्तेचाळीस सालच्या त्या उन्हाळ्यात तुम्ही मला अगदी वैताग आणला होतात, हे आता सांगूनच टाकते. आमच्या अण्णांची झाडावर आदळलेली मोटार तुम्ही पत्रा ठोकून सरळ केली होती. इंजिन चालत होतं. तिच्यातून शेवगावला जायचं, माहेरी रुसून बसलेल्या तुमच्या राहीबाईंना आणायचं, आणि गाडी मी चालवायची, असं ठरलं होतं. पण बॉनेट मनासारखं बसेना.

बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीतून तुम्ही विडी फिरवून बघायचात. पुढे सहज सरकणारी विडी मागे अडकली, की पुन्हा बिजागरी ढिली करायची. मागचं जुळलं, की पुढचं उघडं. मी किल्ली घेऊन नुसती येरझारा घालत होते.

"अहो, राहीबाई काय फट मोजणार आहेत?"

"ती न्हाई, ताई. तिचा बाप लोहार हाय. जावयाचा एक सांधा धड न्हाई, म्हनतो गावभर. त्याच्या दारात अशी गाडी नेऊ व्हय?"

"मग सासऱ्यालाच आणा घरी."

तुम्ही हसलात आणि पुन्हा बॉनेट उचललंत.

दुसऱ्या दिवशीही तेच चाललेलं, तेव्हा राहीबाई धुळीने माखून दारात उभ्या राहिल्या. वाट बघून कंटाळल्या आणि प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीने एकट्याच आल्या. त्यांनी गाठोडं मडगार्डावर ठेवलं.

"जरा उचल ते," तुम्ही म्हणालात, "फट हालंल."

संध्याकाळी बॉनेट बसलं. शेवगावला जायचं मात्र राहूनच गेलं.