मॉरीनने माझ्या हातातून बॉल काढून घेतला

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी मला निरोप दिला तो सूचना देतच. "ही लाइन नको, ती बघ कशी सरकतेय, तिकडे हो." मी तिकडे झालो आणि ती लाइन जागच्या जागी थांबली. आईचे डोळे भरलेले होते, तरी तिला हसू आवरेना. बाबा म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. कॅप्टन कुणीही असो, शेवटची ओव्हर कुणाला द्यायची हे फक्त आमच्या बाबांनाच कळायचं. "ह्याला काहून दिली बे!" हे वाक्य ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. तोच स्वभाव माझ्या सामानातून इथे इंग्लंडात, मेडनहेडला आला, आणि त्याला किलोची मर्यादा नव्हती.

इथे येऊन सहा वर्षं झाली. तुम्ही जे तिकडे राहिलात त्यांना वाटतं आमची मजा आहे, आणि जे माझ्यासारखे निघून आले त्यांना वीकएंड म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. लाँड्री, आठवड्याची भाजी, घरी फोन. क्रिकेटला गेलो तर तिथे आपलेच लोक, आणि त्यांचा पहिला प्रश्न, "पर्मनंट व्हायला किती राहिलं?" कंटाळून ऑफिसमधल्या एकाबरोबर पार्कात बेसबॉल बघायला गेलो. बाहेर आलेला बॉल मी परत फेकला आणि मॉरीनने मला तिथेच धरलं. मॉरीन म्हणजे आमच्या टीमची मॅनेजर. खेळत नाही, पण कोण कधी खेळणार हे तीच ठरवते. वय सत्तरीकडे झुकलेलं, तीस वर्षं घरोघरी पत्रं वाटलेली बाई. माझं 'अभिजित' हे नाव तिने पहिल्याच दिवशी वहीत लिहून घेतलं आणि चार वेळा म्हणून बघितलं. ऑफिसात आजही मी 'एबी' आहे.

आता आईचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी ती आजारी पडली तेव्हा माझा व्हिसा वाढवण्याचा अर्ज आत होता. निकालाआधी देश सोडला की अर्ज बाद. बाबांना हे माहीत होतं. मी रोज विचारायचो आणि ते रोज म्हणायचे, "बरी आहे, तू तुझं काम कर." आई गेली. आठ दिवसांनी व्हिसा आला. मी पोचलो तो थेट तेराव्याला. बाबांना मी एकच प्रश्न विचारला, मला खरं का नाही सांगितलं? ते उठून पाहुण्यांची पानं बघायला गेले. तेव्हापासून आमचे फोन म्हणजे जेवलात का, गोळी घेतली का, ठेवू का.

तर ती मॅच. समोरच्या टीमला आम्ही कधीच हरवलं नव्हतं. त्या दिवशी बॉल टाकायला मी होतो आणि शेवटच्या डावापर्यंत आम्ही एका रनने पुढे. तेवढ्यात मॉरीन मैदानात आली, माझ्यापुढे हात पसरला आणि बॉल घेऊन डीनला, आमच्या टीममधल्या एका पोराला दिला. मी खुशाल दिला! मला वाटलं, बाई हुशार आहे, मला चार बॉल विश्रांती देऊन शेवटच्या मोठ्या बॅट्समनसाठी राखून ठेवतेय. आपल्याकडे क्रिकेटमध्ये कुठलाही कॅप्टन हेच करेल. मी कडेला हात मोकळे करत उभा राहिलो. डीनने दोघांना बाद केलं, दोघे बेसवर पोचले, म्हणजे रन काढायच्या तयारीत उभे, आणि त्यांचा तो धिप्पाड बॅटर आला. झालं, आपली वेळ आली म्हणून मी ऐटीत मैदानात चालत गेलो. अंपायर बघतच राहिला. मग त्याने शांतपणे समजावलं की एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येत नाही. सगळं मैदान हसत होतं. तोंड लपवायला जागा नव्हती.

डीनच्या पुढच्याच बॉलवर त्या बॅटरने लांब फटका मारला, बेसवरचे दोघे धावत आले, दोन रन गेले, मॅच गेली. पोरगा रडवेला झाला. मॉरीनने सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाली, "डीनने मी सांगितलं तेच टाकलं. निर्णय माझा होता." एवढंच. माझं डोकं मात्र फिरलेलं. घरी जाऊन मी टीमच्या ग्रुपवर भलामोठा मेसेज टाकला, मुद्द्यांना नंबर देऊन. बाबांचाच मुलगा!

मंगळवारी प्रॅक्टिसला मॉरीनने मला बाजूला घेऊन वही उघडली. मी ज्यांना शेवटी बॉल टाकले त्या तीन बॅटर्सनी ते सणसणीत मारले होते, फक्त नशिबाने ते सरळ आमच्या फील्डर्सच्या हातात गेले. तिने प्रत्येक फटका लिहून ठेवला होता. "मला तेव्हा हे दिसत होतं," ती म्हणाली. "माझं चुकलं. पण पुन्हा हेच दिसलं तर पुन्हा काढेन. रविवारी सुरुवात तू करायचीस." ना राग, ना सबब. एवढ्या लोकांसमोर मी तिला बोल लावला होता, आणि ही बाई मला रविवारी बॉल देत होती. असं माणूस मी ऑफिसात, गावात, कुठेच पाहिलेलं नाही.

शनिवारी सकाळी बाबांना फोन केला. बोलायला काही सुचेना म्हणून मॅच सांगितली. बेसबॉल त्यांना काडीचाही कळत नाही, पण ते पेटलेच. "तुला काहून काढलं? चांगला टाकत होतास ना! त्या बाईला काही समजतं का?"

मी उसळलो. "अहो बाबा, बाहेर बसून बोलणं सोपं असतं. तिला त्या वेळी जे दिसलं त्यावरून तिने ठरवलं. माझं वाईट व्हावं म्हणून थोडंच काढलं तिने?"

बोललो आणि माझं मलाच कळलं, हे बाबांनाही तेवढंच लागू होतं.

बाबा खाकरले. "तुझी आई रोज विचारायची, अभी केव्हा येतो. मी सांगायचो, पुढच्या आठवड्यात." मग म्हणाले, "तुला न सांगायचं मीच ठरवलं होतं. चुकलं बे माझं."

"माहीत आहे, बाबा," मी म्हणालो. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या आवाजात राग नव्हता. आम्ही दोघेही रडलो, आणि दोघांनीही ते लपवलं नाही.

आई गेल्यावर मला वाटलं होतं, नागपुरात आता आपलं काही उरलं नाही. पण तिथे एक म्हातारा आहे, न कळणाऱ्या खेळात माझी बाजू घेऊन अख्ख्या टीमशी भांडायला तयार असलेला. माझं घर तेवढं आहे, आणि ते अजून फोन उचलतं.