रुमालातला पिवळा खडा

आज जळगावच्या कॉलेजात मुलांना दाखवायला पायराइटवर हातोडी मारली आणि गंधकाचा उग्र वास आला. लोह आणि गंधकाचं हे सोनेरी खनिज कोळशातही सापडतं.

माझे वडील, आबा, भुसावळजवळच्या वीजकेंद्रात कोळसा उतरवून घ्यायचे. तिथे मिळालेला एक पिवळा चमकता खडा त्यांनी कितीतरी वर्षं रुमालात गुंडाळून ट्रंकेत जपला होता. सात वर्षांची असताना तो माझ्या हाती लागला. मला ते सोनंच वाटलं. आईला बांगड्या कबूल करून मी गल्लीभर सांगत सुटले. संध्याकाळी शेजारणी बघायला आल्या.

"सोनं नही शे ते," आबा म्हणाले. बायका हसल्या आणि मी भोकाड पसरलं.

आबांनी मला जवळ घेतलं. "रडू नको, बेटा. सोनाम्हा ठिणगी नही, याम्हा शे."

त्यांनी खडा उंबऱ्यावर ठेवला आणि हातोडी हाणली. ठिणग्या उडाल्या तशी मी रडायची थांबले.

"आखो एकदाव, आबा!"

ते मारत राहिले. खड्याचा पार भुगा झाला.

तेव्हा मला फक्त ठिणग्या दिसल्या होत्या. इतका जपलेला खडा माझ्या रडण्यापायी फोडताना आबांचा हात एकदाही अडखळला नव्हता, हे मला आज दिसलं.