गाढवाचा दात आणि थंड झालेला पुलाव

त्या दिवशी आमच्या रिश्तान गावात पहिलं कडक हिंव पडलं. तुतीचा उरलासुरला पाला रात्रीत गळाला होता, अंगणात पाय टाकला की पापडासारखा मोडत होता. मी चुलीत पऱ्हाटी कोंबली, कढईत मेंढीची चरबी वितळायला टाकली आणि मागं वळून बघतो तर मामासोली पिवळी गाजरं कापतोय. बोटभर जाड.

"बैलाला घालायचीत का?" मी विचारलं.

तो हसला नाही. आमच्या खोऱ्यात अंदिजानपासून कोकंदपर्यंत लग्नात, सुंतेत, नव्या घराच्या जेवणात ज्याच्याशिवाय पान हलत नाही असा हा सोंगाड्या. एक भुवई वर केली की मांडवातल्या म्हाताऱ्यांची कवळी निसटते. तो माझ्या चेष्टेला हसला नाही म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

मामासोलीचा बाप कुंभार. पोरानं वाडग्यांना निळा रंग द्यावा एवढीच त्याची अपेक्षा. पण पोरगं ओल्या झिलईत स्वतःचं तोंड बघून वेडंवाकडं करायचं नि वाडगी तशीच भट्टीत जायची. शेवटी बापानंच हाकललं. म्हणाला, तोंड विकायचंच असेल तर बाजारात जाऊन वीक. त्यानं ते विकलं, आणि चांगलं विकलं.

आपल्या पहिल्या खेळाची गोष्ट तो कुठंही, न विचारता सांगायचा. कुवा गावी लग्न होतं, मिसरूडही फुटलं नव्हतं, आणि लोक हसून हसून असे बेजार झाले की पुलाव न खाताच उठून गेले. ही गोष्ट खोऱ्यात इतकी फिरली होती की पोरंटोरं ती पाठ म्हणायची.

पुलाव न खाता गेले, हे खरं. तो पुलाव मीच शिजवलेला.

घडलं ते असं. पोरगं मधोमध उभं राहिलं. 'गाढवाचा दात' नावाचं सोंग होतं: गाढव दात दुखतो म्हणून वैद्याकडं जातं. पोरानं एकदा रेकून दाखवलं. कोणी हसलं नाही. दुसऱ्यांदा रेकलं. एकजण खोकला. पोराला घाम फुटला आणि त्यानं दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं.

आता आमच्याकडं वरून खाली असे दोन्ही तळवे तोंडावरून फिरले की दुवा झाली, बैठक उठली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचे हात सवयीनं वर गेले. त्याचं बघून शेजाऱ्याचे. मग रांगांमागून रांगा, आमीन, आमीन, आणि सगळे टोप्या सारख्या करून उठले. एकदा आमीन झाल्यावर परत बसायचं कसं? ढोलकीवाल्यानं ढोलकी गुंडाळली. मी कढईवरचं झाकण उचलून उभा, नि समोर माणसांच्या पाठी. यजमान नूरमतबाबा हातात पहिलं ताट घेऊन फाटकापर्यंत धावला, पण गावाची वाट भरून वाहत होती. सोंगाड्या तोवर परसातल्या भिंतीवरून पसार.

आणि आता अडचण अशी होती की मामासोलीच्या पोरीला, मुनोजातला, मागणी घालायला जे आले होते ते त्याच नूरमतबाबाच्या घरचे. नवरा मुलगा म्हणजे त्या लग्नातल्या नवऱ्याचाच पोरगा, नूरमतबाबाचा नातू. मामासोलीला घराचं नाव कळलं तेव्हा विहिणी-विहिणींचं चहापाणी होऊन गेलं होतं, आणि मुनोजातनं आईला सांगून टाकलं होतं की करीन तर हाच. आज म्हातारा स्वतः नान मोडायला येणार. त्याच्या हातानं नान मोडली की सोयरीक पक्की. नाही मोडली तर पोरीनं रडत बसायचं.

"तेव्हा मी काडीसारखा होतो," मामासोली गाजरावर सुरी धरून म्हणाला. "आता हे पोट, ही मिशी. ओळखायचा नाही तो. नाही का, तोलिब?"

ओळखायचा नाही, असं मी म्हणालो. शिजवणाऱ्यानं सकाळी कुणाचं मन मोडू नये.

दुपारी कुव्याची मंडळी आली. या दिवसांत तिकडं हिंवापासून वाचवायला डाळिंबाची झाडं मातीखाली निजवायची घाई, म्हातारा कामावरून उठून आलेला, नखांत माती आणि कपाळावर आठी. मामासोली त्याच्यासमोर असा मवाळ बसला की त्याच्या बायकोला, खोसियतला, वाटलं नवऱ्याला ताप आलाय. चहा फिरला. नान मध्ये आली. म्हाताऱ्यानं हात पुढं केला, तेवढ्यात खोसियतचा भाऊ दिलमुरोद उठला.

दिलमुरोदचं बाजारात मोबाइलचं दुकान. मेहुण्याच्या गोष्टीवर त्याचा इतका विश्वास की कुव्याच्या एका जुन्या व्हिडिओवाल्याकडून त्यानं त्या लग्नाची कॅसेट मिळवून फोनवर उतरवून घेतली होती. पाहुण्यांना तेवढीच गंमत, असं म्हणून त्यानं ती भिंतीवरच्या टीव्हीला जोडली. त्यानं स्वतःही आधी पाहिली नव्हती. सगळ्यांबरोबर हसायचं म्हणून राखून ठेवली होती.

पडद्यावर काडीसारखं पोरगं रेकलं. परत रेकलं. तोंड पुसलं. लोक उठले. आणि शेवटी चित्रात राहिला तो एकटा नूरमतबाबा, काळ्या दाढीचा, हातात वाफाळतं ताट, तोंड उघडं.

आतल्या दाराच्या पडद्याआडून बायकांच्या बांगड्या वाजल्या. म्हाताऱ्यानं नानवरचा हात मागं घेतला.

"या पोराला मी तीन बाजारांत शोधला," तो म्हणाला.

"सापडला, बाबा," मामासोली म्हणाला.

"जाड झालास."

"लोकांचे पुलाव खाऊन. तुमचा तेवढा राहिला."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यानं टीव्हीकडं बोट केलं. मग म्हणाला, "त्या गाढवाचं पुढं काय झालं?"

कुणाला काही कळेना. म्हाताऱ्यानं शांतपणे सांगितलं की लग्न त्याच्या घरचं, सोंगाड्या त्यानं बोलावलेला, आणि सोंग अर्धंच झालं. ते आधी पुरं होऊ दे. नानचं नंतर बघू.

मामासोलीला ते सोंग विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला शब्द न् शब्द आठवत होता. उठला बिचारा, भावी व्याह्यांसमोर, पडद्याआडच्या पोरीसमोर, आणि रेकला. गाढव वैद्याकडं गेलं. वैद्यानं गाढवाऐवजी मालकाचा दात उपटला. मग गाढवानं गाणं म्हटलं. ते गाणं संपतच नव्हतं. मी दारातून बघत होतो. आयुष्यात इतकं भिकार सोंग मी पाहिलं नव्हतं, आणि मी लग्नांत म्हातारा झालोय. मामासोलीलाही ते एकेका ओळीगणिक कळत होतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, घाम भुवईवरून डोळ्यात उतरला, आणि त्याचे दोन्ही हात तोंडाकडं निघाले.

खोलीभर सगळ्यांचे हात उचलले गेले.

"हात खाली," म्हातारा गरजला.

सगळ्यांचे हात मांडीवर. मामासोलीचे मात्र हवेत, नाकासमोर, तिथंच. पुसावं तर पोरीची सोयरीक उठते, न पुसावं तर डोळा जळतोय. एक डोळा मिटून तो तसाच उभा. नूरमतबाबा गुडघ्यावर हात टेकत उठला, कमरेचा रुमाल सोडला आणि शेंबड्या पोराचं पुसावं तसं त्याचं तोंड खसाखसा पुसलं.

"त्या दिवशी माझा पुलाव वाया गेला म्हणून मी तुला शिव्या घातल्या," तो म्हणाला. "आता कळलं. पुलाव गेला, पण माणसं वाचली."

पहिली हसली ती मुनोजात, पडद्याआड. मग खोलीभर हशा फुटला. दिलमुरोद तेवढा रडवेला होऊन तारा गुंडाळत होता. म्हाताऱ्यानं मला हाक मारली: आधी पुलाव आण, त्यावर नान मोडू, आणि आमीन मी म्हणेन, दुसऱ्या कुणी तोंडाला हात लावायचा नाही. नान मोडली तेव्हा त्याच्या दाढीला भात लागला होता.

पाहुणे गेल्यावर मामासोली कढई घासायला बसला. भिंतीपलीकडून शेजाऱ्यानं विचारलं, कसं काय झालं.

"काय सांगू," मामासोली राख चोळत म्हणाला. "माझं जुनं सोंग केलं. म्हातारा इतका हसला की डोळ्यातनं पाणी. शेवटी रुमालानं पुसावं लागलं."

कुणाचं तोंड, ते त्यानं सांगितलं नाही. माझ्याकडं बघून एक भुवई वर केली, बाही सरकवली आणि तळाला करपलेला भात नखानं खरवडू लागला.