शिवगंगा उतरली की सनई थांबते

शिरूर अनंतपाळहून येणारी एसटी लातूरच्या स्टँडकडे वळते तेव्हा सनई ऐकू येते. शिवगंगा तेव्हा उठून रॅकवरची पिशवी काढते. वर्ष होत आलं, तिची हीच खूण आहे. कंडक्टरच्या हाकेकडे तिचं लक्ष नसतं.

शिवगंगा अडतीस वर्षांची. एका कोचिंग क्लासच्या मुलींच्या होस्टेलवर ती हजेरी आणि जेवणाची पाळी बघते. नऊ वाजता मशीनवर अंगठा लावावा लागतो. स्टँडच्या फाटकाशी शरणप्पा सनई वाजवत बसलेला असतो, शेजारी ग्यानोबा हलगी घेऊन. पुढ्यात फडकं. ती फाटकाजवळ पोचली की सनई बंद होते. ती पुढे गेली की पुन्हा सुरू. हे तिच्या लक्षात आलं होतं. त्याचं कारण तिने कधी विचारलं नव्हतं.

तिचा नवरा दयानंद गेल्या वर्षी झोपेतच गेला. लिंगायत रिवाजाप्रमाणे त्याला फुलांनी सजवलेल्या, पालखीसारख्या विमानात बसवून नेलं. पुढे वाजंत्री होती. शिवगंगाला त्या दिवसातलं आठवतं ते एवढंच : गल्लीत अडकलेला पाण्याचा टँकर, जावेने हातात दिलेला चहा, त्यावरची साय. ती रडली नाही. नंतरही नाही.

आता वर्षश्राद्ध अठरा दिवसांवर आलं होतं. सासू पार्वतीबाईंनी एकच गोष्ट लावून धरली होती.

"त्या दिशी वाजवलं तेच वाजवाय सांग. लई चांगलं वाजवलं त्यांनी. तुला तर ध्यानात असंलच."

"हाव," शिवगंगा म्हणाली. तिच्या ध्यानात काहीच नव्हतं. नवऱ्याच्या मागे चालत गेलेली बाई हे सासूला सांगणार कशी? कोणते वाजंत्री होते, तेही तिने दिराला विचारलं. तो म्हणाला, "तुझ्या स्टँडवरचेच की, वहिनी. रोज बघतीस न्हवं?"

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी थांबली. सनई खाली गेलेलीच होती.

"आली आमची सुट्टी," ग्यानोबा म्हणाला. "ताई, तुमी त्या पल्याडच्या फाटकानं जात जावा की. तुमच्यापायी आमचं दुकान बंद पडून राहिलंय."

"गप रे," शरणप्पा म्हणाला. "ताई, ह्याचं मनावर घेऊ नका. मयताला ज्यांच्या घरी वाजवलं, त्यांच्या म्होरं वरीसभर वाजवायचं न्हाई. आमच्या बापानं घालून दिलंय."

"वर्षाला यायचंय तुम्हाला," ती म्हणाली. "सासूबाई म्हणतात, तेच वाजवा."

"येतो की."

ती तिथेच उभी राहिली. मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"काय वाजवलं होतं?"

शरणप्पाने तिच्याकडे पाहिलं. "तुमी तर विमानाच्या मागंच होता."

"होते."

ग्यानोबा हसायला लागला होता, तो थांबला.

"माझ्याकडं सकाळचं वाजवायचं एकच हाय," शरणप्पा म्हणाला. "लग्नात तेच, मयताला तेच, हितंबी तेच. मयताला जरा सावकाश."

"थोडं वाजवून दाखवा."

"न्हाई जमायचं, ताई. अजून सतरा दिस हायत."

ती निघाली. रसवंतीपाशी पोचली तेव्हा मागे सनई सुरू झाली. रोज ती तशीच पुढे जायची. त्या दिवशी रसवंतीच्या टपरीआड, त्याला दिसणार नाही अशी उभी राहिली. बसमध्ये पिशवी काढायला लावणारे तेच सूर होते. सुरुवातीला लांबवलेला एक, मग तीन भरभर, मग खाली. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. त्या दिवसातलं काही परत येतं का, याची वाट पाहिली. टँकर आला. चहावरची साय आली. आणखी काही आलं नाही.

मशीनवर अंगठा लागला तेव्हा नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती.

संध्याकाळी पार्वतीबाईंनी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं. तेच वाजवणार हायत."

"लई गोड हाय न्हवं ते?"

"हाव. सुरुवातीला एक लांब हाय. मग तीन भरभर."

पार्वतीबाई मान डोलावत डोळे पुसायला लागल्या. शिवगंगाने कुकर लावला.

सकाळी एसटी स्टँडकडे वळली. सनई ऐकू आली. तिने उठून पिशवी काढली आणि फाटकाकडे चालू लागली. सनई थांबली.