पत्राची मागची बाजू

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी सहा वर्षांच्या सुनीताला मासे खाल्ल्याबद्दल दटावलं. तेही भरल्या ओपीडीत, तिच्या आजीसमोर. पोरीने मासे खाल्ले नव्हते.

वास मात्र येत होता. त्या दिवसांत आम्हा मॉरिशसच्या मराठी घरांत मासे-मटण बंद. मला वाटलं, पोरीने शेजारी कुठेतरी ताव मारला. "बाप्पाला नाव सांगू का?" मी डोळे मिचकावले. सुनीता रडायला लागली. आजी तिला उचलून निघून गेली.

सुनीताचं हृदय एक्स-रेत जवळजवळ अख्खी छाती व्यापून बसलं होतं. अंगणभर चाललं की धाप. आम्ही रक्त पॅरिसला पाठवलं. उत्तर आलं: जन्मजात दोष, तिच्या शरीरात कार्निटीन टिकत नाही. आजीला मी उसाचं उदाहरण दिलं होतं. हृदय मुख्यतः चरबी जाळून चालतं. कारखाना धड आहे, एन्झाइम नावाचे कामगार हजर आहेत, ऊस तोडून पडलाय. पण तो आत नेणारी लॉरीच नाही. कार्निटीन म्हणजे ती लॉरी.

"मग लॉरी आण की!" आजी म्हणाली होती.

पॅरिसहून सिरप आलं. दोन महिन्यांत सुनीता अंगणात पळायला लागली. आणि मग माझं ते दटावणं.

पुढच्या मंगळवारी ती आलीच नाही. आमच्या विभागाच्या बॉसनी फाइल मागवली, पॅरिसचं पत्र काढलं आणि कागद उलटला. मागच्या बाजूला चार ओळी होत्या. आतड्यात या औषधाचा काही भाग फुटतो, त्यामुळे अंगाला माशासारखा वास येऊ शकतो. घरच्यांना आधी सांगावं.

"हे कधी वाचलंस?"

"आत्ताच, सर. तुमच्याबरोबर."

मी गाडी काढली आणि थेट तिचं गाव, ग्रां बुआ, गाठलं. घरात गणपती बसले होते. सुनीता खाटेवर आडवी, पुन्हा धापा टाकत. बाटली कपाटात, किल्ली आजीच्या कमरेला.

"औषध प्यायली की वास येतो. बाप्पा उठले की देईन," आजी म्हणाली.

"आजी, हृदय तोवर वाट बघणार नाही. आज, आत्ता द्यायला हवं."

"माझ्या नातीनं मासा नाय खाल्ला. सगळा गाव तिला हसतोय. आधी आरतीला ते सांग."

सांगितलं. झांजा थांबवून, वीस-पंचवीस माणसांसमोर. "सुनीताने मासे खाल्ले नाहीत. वास औषधाचा आहे. डॉक्टरने पत्राची मागची बाजू वाचली नाही." पोरं खिदळली. मागून कोणीतरी ओरडलं, "आयो, दोक्तेर!" आजीने किल्ली काढली, पहिला चमचा स्वतः पाजला आणि सुनीताला आरतीच्या ताटाजवळ, सगळ्यात पुढे बसवलं. वास आला. बाप्पाने तक्रार केली नाही.

वर्षभराने नवा एक्स-रे काढला. हृदय मुठीएवढं, आपल्या जागी. मी दोन्ही फिल्म उजेडात धरून नाचायच्या बेतात होतो. औषध जन्मभर घ्यावं लागणार होतं, पण पोर शाळेच्या शर्यतीत दुसरी आली होती. त्या आरतीपासून मी बसचं तिकीटसुद्धा उलटून बघतो.

"बघा आजी, किती लहान झालं!"

आजीने फिल्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मागनं बघितलंस?"